समोरून येणारा सेनापती

आमच्या आळीत मला फटकळ म्हणायचे. पाहुणे आले की आई त्यांच्याबद्दल मला बजावायची नाही, माझ्याबद्दल त्यांनाच बजावायची, "हिच्या तोंडाला लागू नका हं, तोंडावर सांगेल." आणि मला त्याचा कोण अभिमान! मागून बोलणाऱ्यांची मला मनापासून चीड यायची. हे सगळं आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे केलं ते अशा बाईने केलेलं आहे.

ऐंशीच्या दशकाची शेवटची वर्षं. आम्ही ठाण्यात टेंभी नाक्यापासून चालत दहा मिनिटांवर राहायचो आणि मी बाळकुमच्या रस्त्यावरच्या एका कंपनीत टायपिस्ट होते. आळीच्या गणपती मंडळाचा दरवर्षी हलता देखावा असायचा. आत पुतळे, त्यांच्या मागे मोटरी, आणि टेपवर संवाद. टेप दहा मिनिटांची, ती संपली की पडदा पडायचा आणि बाहेर थांबलेली माणसं आत सोडायची. पण गोष्ट कायम पुराणातली. तोच राक्षस, तोच त्याचा वरखाली होणारा डावा हात. एका बैठकीत मी म्हटलं, "पुरे झाला तो राक्षस. या वर्षी अंतराळातलं काहीतरी करू." मंडळाचे अध्यक्ष म्हणजे आमच्या समोरच्या घरातले काका. ते म्हणाले, "तू लिही मग." मी म्हटलं, लिहिते!

गोष्ट अशी होती. एका दूरच्या ग्रहावर माणसांची वस्ती आहे. शेजारच्या ग्रहाने त्यांचं पाणी अडवून ठेवलंय. वस्तीचे दोन सेनापती. एक म्हणतो, गुपचूप शिरू, त्यांची यंत्रं आतून बंद पाडू, त्यांना कळायच्या आत पाणी आपलं. दुसरा म्हणतो, छे, समोरून जायचं, आधी निरोप धाडून जायचं. आणि सबंध दहा मिनिटं दोघे कडाकडा भांडतात. माझ्या पहिल्या मसुद्यात गुपचूपवाला जिंकला होता. खरं तर मी सगळ्यांच्या तोंडावर बोलणारी, पण कागदावर मला गनिमी डाव जास्त रंगतदार वाटला.

मोटरी आणि वायरिंगसाठी माणूस हवा होता. आमच्या कंपनीत एक वायरमन होता, बाळकुम गावातलाच, आगरी घरातला, माझ्याच वयाचा. कंपनीत तो मला मॅडम म्हणायचा. त्याला मंडळात मीच आणलं. त्याने भंगारातून गाड्यांच्या वायपरच्या मोटरी आणल्या, थर्माकोलच्या दोन्ही सेनापतींना चंदेरी कागद डकवला आणि त्यांच्या छातीत दिवे बसवले. जो बोलेल त्याचा दिवा पेटणार, म्हणजे लोकांना कळेल की कोण बोलतंय. चार दिवसांत मॅडमची "तू" झाले, आणि आठवड्याभरात तो माझ्या गोष्टीवर तोंड उघडायला लागला.

"ह्यो शेवट बरोबर नाय," तो म्हणाला.

"का रे? तू काय लेखक आहेस?"

"लपून गेलीस त जिकशील गो. पन मंग त्या पानी प्यायला लाज नाय वाटनार?"

मी खूप भांडले. युद्धशास्त्र काय, शक्तिप्रदर्शन काय, वाचलेलं सगळं त्याच्यावर ओतलं. तो पक्कड हातात घेऊन शांतपणे ऐकायचा आणि परत तेच म्हणायचा. ज्याच्या घरी जायचं त्याच्या पुढच्या दाराने जायचं. शेवटी एका रविवारी त्याने उभं राहून दुसऱ्या सेनापतीचं भाषण म्हणून दाखवलं, माझी वाक्यं आणि मध्येमध्ये त्याची. "आमी येतोय. दिवे लावून येतोय. मोजून घ्या आमाला." मी मुकाट्याने शेवट बदलला. दुसरा सेनापती सगळे दिवे लावून, हत्यार न घेता पुढे जातो आणि समोरचे बांध उघडतात. गोष्ट चांगली झाली ती त्याच्यामुळे, हे मी तेव्हा कुणालाच सांगितलं नाही. माझ्या गप्प बसण्याची सुरुवात तिथूनच झाली बहुतेक.

आवाजही आम्हीच द्यायचे ठरले. गुपचूपवाला सेनापती मी केला, त्याला बाईच करून टाकलं, आणि समोरून जाणारा त्याने. रेकॉर्डिंग डोंबिवलीला. ठाकुर्लीच्या बाजूला रुळांना लागून एका चाळीत एक निवेदक राहायचे. त्यांनी खोलीच्या भिंतींना गोधड्या ठोकून स्टुडिओ केला होता. गाडी आली की सगळ्यांनी गप्प बसायचं, गेली की पुन्हा वाक्य घ्यायचं. दहा मिनिटांच्या टेपला आमची अख्खी दुपार गेली. परत येताना तो इतका खूश होता की ठाणे येईपर्यंत एकच विचारत होता, "आयेला आयकवायचा कवा?" मी म्हटलं, गणपतीत आण की रे सगळ्यांना. हो, मीच म्हटलं.

मंडळाच्या खोलीत टेप लावली तेव्हा तो दुसऱ्या पाळीला कंपनीत होता. माझा आवाज आला, सगळे माना डोलवत होते. त्याचा आवाज आला आणि "पानी आमचा हाय" म्हटल्याबरोबर खोलीत खसखस पिकली. कुणीतरी म्हणालं, "हा अंतराळातला की खाडीवरचा?" पुन्हा हशा. काका हसले नाहीत, पण म्हणाले, "बाई गं, स्पर्धेचे परीक्षक येणार आहेत. सेनापती शुद्ध बोलायला हवा. त्या डोंबिवलीच्या निवेदकांचाच आवाज घे. आणि त्याला तू सांग, तू स्पष्ट बोलतेस."

मी म्हणायला हवं होतं की त्याचाच आवाज राहील, नाहीतर माझी गोष्ट परत द्या. मी काय म्हणाले? "सांगते."

आता खरं लिहिते. त्या हशात मला त्याची लाज वाटली होती. तो माझ्याबरोबर आला, मी त्याला आणलं, आता मलाही त्याच्यात धरतील, ही लाज. त्याचं मन दुखवायला नको म्हणून गप्प बसले असं मी पुढे कित्येक वर्षं स्वतःला सांगत आले. सपशेल खोटं आहे ते.

शनिवारी अर्धा दिवस भरून मी एकटीच डोंबिवलीला गेले. निवेदकांनी ती वाक्यं शुद्ध करून तासाभरात म्हणून टाकली, एकही चूक नाही. सोमवारी कंपनीत त्याने विचारलं, टेप कुठाय? मी म्हटलं, गाड्यांचा आवाज आलाय त्यात, साफ करायला दिलीय. त्याने मान हलवली. वायरिंगच्या बाबतीत हा माणूस कुणाचं ऐकायचा नाही, पण टेपबद्दल त्याने माझा शब्द प्रमाण मानला. मोटरींची घड्याळं त्याने टेपशिवाय, कुठलं वाक्य किती सेकंदांचं ते निवेदकांनी लिहून दिलेल्या कागदावरून जुळवली, आळीतल्या मुलांना बटणं समजावून दिली आणि तो चतुर्थीला घरी गेला. त्यांच्याकडे पाच दिवसांचा गणपती.

दुसऱ्या दिवशी मी बाळकुमला गेले. सांगायलाच गेले होते, शप्पथ. बसमध्ये वाक्यसुद्धा तयार केलं होतं. "हे बघ, तुझा आवाज काढलाय, निर्णय मंडळाचा आहे, पण टेप मी बदलून आणली." दारात पाय ठेवला तर त्याची आई पुढे आली. उंच, काटक बाई, हातभर बांगड्या. माझे दोन्ही हात धरून तिने मला गणपतीसमोर बसवलं आणि पातोळ्या वाढल्या. हळदीच्या पानातल्या, अजून गरम. आजूबाजूच्या बायका मला बघायला जमल्या होत्या. आई सगळ्यांना सांगत होती, "हिनं माज्या पोराला सेनापती केलान." मग बायकांनी त्याला आग्रह केला आणि तो ओटीवर उभा राहून सगळं भाषण म्हणाला, अगदी "मोजून घ्या आमाला"पर्यंत. पोरंटोरं टाळ्या पिटत होती.

मी तीन पातोळ्या खाल्ल्या आणि घरी आले.

पाचव्या दिवशी त्यांचं विसर्जन झालं. सहाव्या दिवशी, रविवार होता, दुपारी चारच्या खेळाला तो आईला, दोन मावश्यांना आणि पाच-सहा शेजारणींना घेऊन आला. आई ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसली होती. मी मंडपात होते. पळून जाता आलं असतं, पण तेवढीही अक्कल सुचली नाही. त्याने त्यांना अगदी पुढे उभं केलं, आणि मला हाक मारून आईच्या शेजारी उभं केलं. आतले दिवे मालवले, टेप लागली.

आधी माझा सेनापती बोलला. माझा दिवा पेटला. आईने माझ्या दंडाला हात लावून मान हलवली, म्हणजे, ओळखला हं तुझा आवाज. मग दुसरा दिवा पेटला आणि डोंबिवलीचा तो गोड, घोटीव आवाज म्हणाला, "आम्ही येत आहोत. दीप उजळून येत आहोत." मी त्याच्याकडे बघितलं नाही. बघवलंच नाही. फक्त एवढं जाणवलं की तो हलायचा थांबला.

"ह्यो कोन बोलतंय?" आईने मोठ्याने विचारलं.

मागून कुणीतरी शुक् केलं. टेप चालूच होती, थर्माकोलचा सेनापती ठरल्यासारखा हात उचलत होता, एका सेकंदाचीही चूक नव्हती.

"मीच हाय, आये," तो म्हणाला. "मशिनीतून आवाज बदलतो."

मी आजवर किती जणांना तोंडावर सुनावलं, त्यातलं एक वाक्यसुद्धा त्याने सहज म्हटलेल्या त्या वाक्याइतकं कठीण नव्हतं. मला वाचवायला म्हटलं की आईचं मन राखायला, मला कधीच कळलं नाही. मावश्यांना ते पटलं. "बदलतोच," एक जण म्हणाली, "रेडिओवर पन बदलतो." पण आई माझ्याकडे वळली. अंधारात तिचा चेहरा दिव्याने लाल दिसत होता.

"खरा कं गो बाय?"

बाई, सरळ विचारलं होतं तिने मला. नाही म्हणायचं, एवढंच होतं. तिथे काका नव्हते, परीक्षक नव्हते, खोलीतला हशा नव्हता.

"हो," मी म्हटलं. "बदलतो मशीनमध्ये."

ती म्हणाली, अगदी हळू, भांडण्याच्या सुरात मुळीच नाही, "मंग तुजा कसा नाय बदलला?"

धरणीने पोटात घ्यावं असं म्हणतात ना, मला तेव्हा खरंच तसं झालं. टेप संपली, पडदा पडला, स्वयंसेवक "पुढे चला, पुढे चला" करायला लागले. "चल आये, गर्दी हाय," म्हणून त्याने तिला खांद्याला धरून बाहेर नेलं. जाताना तिने गणपतीला हात जोडले आणि मग, सवयीने असेल, मलाही.

परीक्षक आले त्या दिवशी त्यांनी टेप अर्धीच ऐकली, त्यांना पुढच्या मंडळात जायचं होतं. बक्षीस काही मिळालं नाही. विसर्जनानंतर तो एका संध्याकाळी येऊन मोटरी सोडवून घेऊन गेला. मी घरात होते, खिडकीतून बघितलं, खाली उतरले नाही.

दुसऱ्या दिवशी मात्र मी ठरवलं. आता पुरे. जेवणाच्या सुट्टीत मी कंपनीच्या इलेक्ट्रिक खोलीत गेले. तो एकटाच डबा खात होता. मला बघून उठून उभा राहिला, हात पुसले.

"बोला, मॅडम."

मी पुन्हा मॅडम झाले होते. भांडला असता तर मी रडले असते, पाया पडले असते, काहीही केलं असतं. तो वाट बघत उभा होता. मी म्हटलं, "माझ्या टेबलावरचा पंखा बंद पडलाय."

डबा तसाच ठेवून तो माझ्यामागून आला. ऑफिसात सगळे जेवून परतले होते. टेबलावर पंखा चांगला भरधाव फिरत होता, समोरचे कागद फडफडत होते. त्याने एकदा पंख्याकडे बघितलं, एकदा आजूबाजूला बसलेल्या माणसांकडे. मग पंखा बंद केला, जाळी काढली, एकेक पातं पुसलं, तेल घातलं, सगळं परत बसवलं आणि चालू केला.

"झाला," तो म्हणाला, आणि काम झाल्याची सही घ्यायची वही त्याने माझ्यापुढे धरली. मी सही केली.