चार्टवरचा उंचवटा

"हेच ते," म्हणत डॉक्टरसाहेबांनी चार्टचा लांबलचक कागद माझ्या टेबलावर पसरला. रिसीव्हरला जोडलेल्या पेनने काढलेल्या शाईच्या सरळ रेघेत मधेच एक छोटा उंचवटा होता.

साहेब खगोलशास्त्रज्ञ. विश्व तरुण होतं तेव्हा दीर्घिकांच्या मधे हायड्रोजन वायूचे विरळ धागे पसरलेले असणार, असा त्यांचा अंदाज. त्या वायूच्या अतिशय मंद रेडिओ लहरी ते तीन वर्षं शोधत होते. त्यासाठीचा रिसीव्हर साकीनाक्याच्या आमच्या गाळ्यात मी बनवला होता. ऐंशीच्या दशकातली गोष्ट.

"सोमवारी पेपर पाठवतोय. रिसीव्हर ठीक आहे, एवढं लिहून द्या."

इतका सुबक उंचवटा मी फक्त बिघडलेल्या सर्किटमध्ये पाहिला होता.

"तपासल्याशिवाय सही नाही करणार, सर. शुक्रवारपर्यंत थांबा."

रिसीव्हर आणि केबल त्यांनी आणलीच होती. रेडिओ दुर्बिणीच्या जागी मी डमी लोड लावला, म्हणजे साधा रोधक. त्याला आकाश दिसत नाही. आता उंचवटा आला, तर तो आमचाच. दोन दिवस रेघ सरळ राहिली.

"दुर्बीण त्या जागेकडे वळवली की उंचवटा येतो, बाजूला नेली की जातो," साहेब फोनवर म्हणाले. "अजून काय पाहिजे तुम्हाला?"

माझी नुसती चिडचिड झाली.

आमचा फिटर हरेश, खारदांड्याचा कोळी, लेथ पुसता पुसता ऐकत होता. "सुमन, तिथे केबल अशी टेबलावर झोपलेली असते काय गं?"

"नाही रे, लटकते. दुर्बीण वळली की ताणली जाते."

"मग ताणून बघ ना. वजन लावून बघितल्याशिवाय आम्ही दोर होडीत घेत नाय."

पोटमाळ्याच्या हुकाला केबल टांगली, खाली पाच किलोचं वजन बांधलं. पेन हललं. तोच उंचवटा, त्याच जागी. कनेक्टर बोटांनी दाबला, उंचवटा बसला. सोडला, परत वर आला.

सोल्डरिंग माझं होतं. ताण आला की जोड किंचित उघडायचा आणि रिसीव्हरचा स्वतःचाच नॉइज तिथे आपटून परत यायचा, तोच हा उंचवटा. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

शुक्रवारी साहेबांनी कनेक्टर स्वतः चार वेळा दाबून पाहिला.

"तीन वर्षं," एवढंच म्हणाले.

"जोड माझा होता, सर. मीच नवीन करून देते."

त्यांनी चार्टची घडी केली आणि गेले. मी सगळे जोड नव्याने केले, एकेक दिवसभर वजन टांगून तपासला आणि मगच रिसीव्हर पाठवला.

निरीक्षणांच्या पुढच्या सीझनला रेघ सरळ आली. पेपर निघाला. धागे असलेच तर आम्ही पकडू शकलो असतो त्यापेक्षा ते फिके आहेत, असं त्यात आठ पानं लिहिलं होतं. साहेबांनी मला एक प्रत पाठवली. मी ती हरेशला दाखवली.

"म्हणजे काहीच नाय मिळालं? तरी छापलं? आमची होडी रिकामी आली तर कोण छापत नाय."

"जाळं फाटकं नव्हतं हे दाखवता आलं, तर छापतात," मी म्हटलं.