जबडेसाहेबांची एक वाजताची घंटा

जबडेसाहेबांचा जबड्यांशी तसा थेट संबंध नव्हता. कवळ्या तयार करणाऱ्या एका प्रयोगशाळेत ते संगणक सांभाळत. दातांच्या डॉक्टरांकडून मापं यायची, खालच्या मजल्यावर चाळीस माणसं मेण, प्लास्टर आणि बारीक कानशी घेऊन बसलेली असायची, आणि वरच्या मजल्यावर, जिन्याला लागून असलेल्या खोलीत, गावातल्या कुणाच्या तोंडात किती दात उरलेत याची बित्तंबातमी जबडेसाहेबांकडे असायची. कुणाची कवळी बसमध्ये राहते, कुणाची कुत्रा पळवतो. अशा वेळी माणसाला पुन्हा आ वासून बसावं लागू नये म्हणून प्रत्येक जबड्याचं माप डेटाबेसमध्ये जपून ठेवलेलं असे. त्यावरून हे नाव पडलं. कुणी पाडलं ते माहीत नाही, पण मालकीणबाईंनीही ते उचललं तेव्हा ते पक्कं झालं.

डेटाबेसचं सॉफ्टवेअर फुकटातलं होतं. एका मोठ्या कंपनीचं. पैसे मोजले तर पूर्ण आवृत्ती, नाहीतर ही. अकरा वर्षांपूर्वी जबडेसाहेबांनी मालकीणबाईंना दोन्हींतला फरक समजावून सांगितला होता. आतलं इंजिन एकच. तक्ते तेच, डॉक्टर, पेशंट, जबडा आणि दात यांची एकमेकांशी बांधलेली नाती तीच, माहिती शोधायची भाषाही तीच. फुकटातलीला फक्त थोडी बंधनं. एका डेटाबेसमध्ये दहा जीबीच्या वर काही मावणार नाही. संगणकात मेमरी कितीही भरा, ही जेमतेम दीड जीबीला हात लावणार. प्रोसेसर कितीही दांडगा आणा, त्याचे चारच भाग कामाला जुंपणार. आणि ठरल्या वेळी आपणहून बॅकअप घेणारा नोकर हिच्या पदरी नाही. तो पैसेवाल्या आवृत्तीबरोबरच येतो.

"मग बॅकअप कोण घेणार?" मालकीणबाईंनी विचारलं होतं.

"मी घेईन की," जबडेसाहेब म्हणाले होते.

या तीन शब्दांवर त्यांनी अकरा वर्षं काढली.

आता त्यांना नुसतं बटण दाबणारा माणूस म्हणणं अन्यायाचं होईल. पहिले दहा जीबी भरत आले तेव्हा त्यांनी शक्कल लढवली. बंधन एका डेटाबेसला आहे ना, मग दुसरा काढला. तो भरल्यावर तिसरा. 'जुने जबडे', 'मधले जबडे' आणि 'नवे जबडे' अशी तीन घरं त्यांनी एका छपराखाली नांदती ठेवली. कोण कुठल्या घरात आहे हे फक्त त्यांना ठाऊक. खालून फोन आला की डोळे मिटून सांगत, "त्या आजोबांची वरची कवळी मधल्यात सापडेल, खालची नव्यात बघा. मधे चार वर्षं नुसती वरच्यावर भागवलीय त्यांनी." एकदा एक विक्रेता सांगायला आला होता, की स्वयंसेवकांनी मिळून बनवलेली, पूर्णपणे फुकट आणि आकाराचं असलं कुठलंच बंधन नसलेली सॉफ्टवेअरंही आहेत. जबडेसाहेबांनी त्याला चहा पाजून वाटेला लावलं. बंधन नसलेल्या वस्तूत आपण करणार काय, हा प्रश्न त्यांनी तोंडाने विचारला नाही इतकंच.

पण खरा थाट एक वाजताचा. एकला पाच मिनिटं असताना ते जिन्याच्या तोंडाशी येत आणि हातातली पितळी घंटा वाजवत. खालचे आठही संगणक थांबायचे. जबडेसाहेब खोलीत परत जाऊन बटण दाबायचे. बॅकअपला सहा मिनिटं लागत. ते अर्धा तास पडद्यासमोर उभे असत, मग त्याची प्रत एका डिस्कवर घेऊन ती लोखंडी कपाटात कुलूपबंद करत. खरं म्हणजे काम थांबवायची काही गरज नसते. काम चालू असतानाही बॅकअप घेता येतो, आणि फुकटातल्या आवृत्तीलाही ते छान जमतं. पण इतक्या वर्षांत ते कुणी विचारलं नाही, कारण घंटा झाली की माणसं हात धुऊन जेवायला बसत. घंटेआधी डबा उघडायचा नाही असा तिथे रिवाजच पडून गेला होता. नवा माणूस कामावर आला की त्याला कानस कशी धरायची याच्या आधी घंटेचं सांगत.

घरी मात्र या आवृत्तीबद्दल निराळं मत होतं. त्यांची बायको तिचा उल्लेख 'ती' असा करी. "माझी सवत फुकटात आली, म्हणून इतकी टिकली," ती शेजारणीला म्हणे. "विकत आणली असती तर निदान एक दिवस दुरुस्तीला तरी गेली असती."

तिच्या म्हणण्यात तथ्य होतं. कामाच्या एकाही दिवशी जबडेसाहेब एक वाजता दुसरीकडे कुठे सापडले नव्हते. मुलगी शाळेच्या नाटकात झाड झाली होती. ते झाड बाबांनी पाहिलं नाही. पोहण्याच्या शर्यतीत ती दुसरी आली, तेव्हा पाण्यातून डोकं वर काढून तिने प्रेक्षकांत शोधलं, तर आई एकटीच टॉवेल हलवत होती. बायकोचं पित्ताशयाचं ऑपरेशन दुपारचं होतं. जबडेसाहेब अडीचला धापा टाकत पोचले, खिशात डिस्क तशीच. दर वेळी ते एकच वाक्य म्हणत, "काय करणार, फुकटातल्या आवृत्तीत सोय नाही ना." घरातल्या अंथरुणाला खिळलेल्या माणसाबद्दल बोलावं तसा त्यांचा आवाज तेव्हा हळवा होत असे.

मुलगी मोठी झाली आणि दुसऱ्या शहरात संगणकच शिकायला गेली. तिथे तिने बापाचं नाव काढलं म्हणतात तसं काढलं. पदवीदानाचा समारंभ बुधवारी दुपारी बाराला होता. तिने फोन केला.

"बाबा, या वेळी तुम्ही आला नाहीत तर यापुढे मी कशालाच बोलावणार नाही. रागावून सांगत नाहीये. बोलावलं की वाट बघितली जाते, ते मला बंद करायचंय."

जबडेसाहेबांनी फोन ठेवला. तिने आदळआपट केली असती तर ते सोपं गेलं असतं. "सोय नाही" हे शब्द ओठांवर आले होते, पण बाहेर पडले नव्हते. पोरगी हातची चालली आहे हे त्यांना लख्ख कळलं. त्यांनी तिला उलट फोन केला आणि म्हणाले, "येईन. पण एक वाजताचं काहीतरी कर."

समारंभाआधी चार दिवस ती घरी आली आणि शनिवारी त्यांच्याबरोबर प्रयोगशाळेत गेली. फोनवर बसणाऱ्या बाईंना, म्हणजे सगळ्यांच्या फोनताईंना, बुधवारपुरतं बटण दाबायला शिकवायचं आणि पायऱ्या एका कागदावर लिहून द्यायच्या असं ठरलं होतं. एकला पाच कमी असताना जबडेसाहेब घंटा घेऊन जिन्याकडे गेले. मुलगी त्यांच्या खुर्चीत बसून कुठली फाईल कुठे आहे ते चाळत होती.

तिथे, एका जुन्या कप्प्यात, तिला ती सापडली. चार ओळींची फाईल. नाव 'रोजचा बॅकअप'. तयार केल्याची तारीख अकरा वर्षांपूर्वीची, कामाला लागल्याच्या दुसऱ्या महिन्यातली. सॉफ्टवेअरच्या पदरी नोकर नसला तरी साध्यातल्या साध्या संगणकाला ठरल्या वेळी एखादी फाईल चालवायला सांगता येतं; कॉलेजात पहिल्या वर्षाला हे शिकवतात. त्या चार ओळी नेमकं तेवढंच करत होत्या. तिन्ही जबड्यांची सोय नंतर कधीतरी त्यात घातलेली होती, म्हणजे फाईल वेळोवेळी झाडूनपुसून ठेवलेली होती. शेजारी ती कधी कधी चालली याची नोंदवही. पहिल्या दिवशी एक वाजता, बॅकअप पूर्ण. दुसऱ्या दिवशी पूर्ण. तिसऱ्या दिवशी पूर्ण. पुढे कोरं.

जबडेसाहेब घंटा घेऊन परत आले तेव्हा पडद्यावर तेच उघडं होतं.

"हे तुम्ही लिहिलंत?"

"हो."

"चालत होतं?"

"तीन दिवस. उत्तम चालत होतं."

"मग?"

जबडेसाहेबांना घंटा कुठे ठेवावी ते सुचेना. "चौथ्या दिवशी मालकीणबाई वर आल्या. एक वाजला होता. बॅकअप आपापला चालू होता आणि मी डबा खात होतो. त्या म्हणाल्या, 'काय हो, तुम्हाला आज काम नाही का?'"

"मग?"

"मग मी डबा झाकला आणि ते बंद केलं. दुसऱ्या दिवशी घंटा विकत आणली."

"एवढंच?"

"एवढंच."

खालून डब्यांची झाकणं उघडल्याचा आवाज येत होता. मुलीने अगदी साध्या आवाजात विचारलं, "माझ्या शर्यतीच्या दिवशी हे होतं?"

"होतं."

"आईच्या ऑपरेशनला?"

"होतं," जबडेसाहेब म्हणाले. "मला वाटायचं, इथल्या लोकांना कळलं की हे माझ्याशिवाय होतं, तर मग मी कशाला? एकदा बंद केल्यावर पुन्हा चालू करायचं धाडसच झालं नाही. नंतर नंतर तर मलाही खरंच वाटायला लागलं, की सोय नाही."

त्यांना इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती. ती ओरडेल, रडेल, निघून जाईल, सगळ्याची त्यांनी तयारी केली. तिने फक्त खुर्ची रिकामी केली आणि माऊस त्यांच्याकडे सरकवला. "मी नाही करणार चालू. तुम्ही करा."

पासवर्ड दोनदा चुकला. तिसऱ्यांदा बरोबर आला. मग तिने पाचवी ओळ घातली: बॅकअप झाला की बाबांच्या फोनवर निरोप. एवढी दया तिने केली. सोमवारी आणि मंगळवारी सगळं आपोआप झालं. जबडेसाहेबांनी घंटा मात्र सवयीने दोन्ही दिवस वाजवली.

बुधवारी सभागृहात तिसऱ्या रांगेत ते आणि बायको बसले होते. बायको ठेवणीतले कपडे घालून, मान ताठ करून. काळे झगे घातलेली मुलं व्यासपीठाच्या डाव्या बाजूने चढत होती, कागद घेऊन उजवीकडून उतरत होती. नावं पुकारली जात होती. एक वाजला तशी जबडेसाहेबांच्या बोटांची चुळबुळ सुरू झाली. एक वाजून सहा मिनिटांनी फोन थरथरला: बॅकअप पूर्ण. त्यांनी सुस्कारा सोडला. त्यात समाधान किती आणि दुःख किती, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

एक वाजून दहा मिनिटांनी फोन पुन्हा थरथरला. थांबेना. पडद्यावर फोनताईंचं नाव. मुलीच्या पुढे रांगेत आता चारच मुलं होती. चार म्हणजे एक मिनिट तरी जाईल, असा हिशेब करून जबडेसाहेब खुर्च्यांच्या मधल्या फटीत वाकले.

"काय झालं? बॅकअप गेला?" त्यांनी दबक्या आवाजात विचारलं.

"बॅकअपचं मला काय ठाऊक, जबडेसाहेब," फोनताई म्हणाल्या. "घंटा नाही झाली. सगळे हात धुऊन बसलेत, डबे कुणी उघडेना. मालकीणबाईसुद्धा खाली येऊन बघून गेल्या. जेवायचं का आम्ही?"

"जेवा की!"

"असं कसं, घंटेशिवाय? मी वाजवू का?"

"वाजवा."

फोनताईंनी फोन कानाला लावलेलाच ठेवून घंटा वाजवली. जबडेसाहेबांनी ती इतक्या लांबून कधी ऐकली नव्हती. ते तसेच वाकलेले, शेवटच्या ठोक्यापर्यंत ऐकत राहिले. पाठोपाठ झाकणं उघडली. अकरा वर्षं आपण बॅकअप सांभाळतो आहोत असं ते समजत होते, आणि चाळीस माणसं त्यांच्यासाठी नेमकी कशाला थांबली होती, ते त्यांना आत्ता कळलं. त्यांनी मान वर काढली तेव्हा टाळ्या विरत आल्या होत्या. मुलगी हातात कागद घेऊन व्यासपीठाच्या उजव्या पायऱ्या उतरत होती. बायकोचे तळहात टाळ्या वाजवून लाल झाले होते, आणि ती त्यांच्याकडे बघत नव्हती.

बाहेर पटांगणात फोटोंची गर्दी होती. मुलगी झगा सावरत धावत आली.

"दिसले का मी, बाबा?"

उत्तर तयार होतं. गेल्या अकरा वर्षांत ते किती वेळा वापरलं होतं. पण आज दोष द्यायला फुकटातली आवृत्ती नव्हती. ती बिचारी आपलं काम चोख करून बसली होती.

"नाही," जबडेसाहेब म्हणाले. "नेमका त्या वेळी फोन आला. मीच उचलला. नाही उचलला असता तरी चाललं असतं."

बायको म्हणाली, "मला वाटलंच," आणि पहिल्यांदा त्यांच्याकडे वळून बघितलं. अकरा वर्षांत त्यांनी कधी स्वतःच्या अंगावर काही घेतलेलं तिला आठवत नसावं.

मुलीच्या डोळ्यांत पाणी आलं, ते तिने झग्याच्या बाहीला पुसलं. मग तिने त्यांच्या हातातून फोन काढून घेतला, तो बंद होईपर्यंत बाजूचं बटण दाबून धरलं आणि स्वतःच्या खिशात टाकला.

"ही सोय सगळ्या आवृत्त्यांत असते, बाबा," ती म्हणाली. "फुकटातल्यासुद्धा. चला, फोटो काढायचाय."