जीप मिलची नव्हती

तुकोगंजातल्या आमच्या बँकेला बायकांना छोटी कर्जं द्यायची होती. ते काम कसं करायचं हे शिकायला आम्हा नव्या भरतीला एकदा बंद मिलच्या मागच्या चाळींत नेलं. तिथं एका संस्थेचे बायकांचे गट होते. नोकरी लागली म्हणून मी खुशीत होते. आई गेलेली, वडील त्याच बंद मिलमधले कामगार, घर माझ्याच पगारावर, आणि नोकरी अजून पक्की व्हायची होती.

इस्त्रीचे कपडे, हातात फायली, अशा थाटात आम्ही जीपमधून उतरलो आणि गल्लीत एकच धावपळ उडाली. बायका ओट्यावर बैठकीला बसलेल्या, पण आमच्याकडे धावले ते पुरुष. कुणाचे केस ओले, कुणी बटणं लावतोय. मिल उघडायला सरकारी माणसं आली, असं त्यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. बुडत्याला काडीचा आधार, इथं तर अख्खी जीप होती! सगळ्यांत पुढे पिकल्या मिशांचे एक काका. अंगात मिलचा खाकी शर्ट, त्याला डांबरगोळ्यांचा वास.

“साहेब, मी स्पिनिंगमधे होतो. नजर अजून एकदम बढिया आहे. रातपाळी पण चालेल.”

“काकाजी, मिलचं आम्हाला काही माहीत नाही,” आमचे प्रशिक्षक म्हणाले. “आम्ही लेडीज लोकांच्या लोनसाठी आलोय.”

काका समजूतदारपणे हसले. साहेब लोक आधी असंच म्हणतात, असं त्यांना वाटलं असावं. बैठक संपेपर्यंत ते उन्हात तसेच उभे राहिले. शेवटी त्यांची बायकोच ओट्यावरून ओरडली, “अहो, घरी जा ना! कोणी नाही आलं तुमच्यासाठी!”

मग एकेक करून सगळे पांगले.

परतताना प्रशिक्षकांनी धडा सांगितला, मीटिंगच्या वेळी पुरुषांना लांब ठेवायचं, फालतू डिस्टर्ब होतं. सगळ्यांनी लिहून घेतलं, मीही. मला रडू येत होतं आणि संतापही, पण चिडावं कुणावर? प्रशिक्षक खोटं बोलले नव्हते. काकांच्या बायकोला कर्ज मिळणार होतं, शिवणाचं मशीनही येणार होतं. मिल मात्र कुणीच उघडणार नव्हतं.

घरी यातलं काही बोलायचं नाही, असं ठरवूनच मी मल्हारगंजात उतरले. पण बातमी माझ्याआधी पोचली होती. वडील दारातच उभे होते. दाढी केलेली, आणि अंगात ट्रंकेतला खाकी शर्ट.

“अगं, मिलकडे साहेब लोक आले होते म्हणे, जीप घेऊन. तू तिकडेच होतीस ना? काय बोलले?”

त्या काकांना सांगायला त्यांची बायको तरी होती. आमच्या घरात ते मलाच सांगायचं होतं.