लाईन का थांबली?

आमच्या लाईनवरच्या रजिस्टरात काय वाटेल ते लिहा, फक्त 'का' लिहायचं नाही, असा बायकांचा कायदा होता. लाईन बंद पडली, मग सुरू झाली. माल कमी निघाला. बस्स! का बंद पडली हे लिहिलं की कुणाचं तरी नाव येणार, आणि आम्ही सगळ्या कंत्राटी. सहा महिने भरले की "उद्यापासून येऊ नका" म्हणायचे, महिना-दीड महिना घरी बसवायचे आणि मर्जी झाली तर परत बोलवायचे. जिचं नाव रजिस्टरात लागलं तिला कशाला बोलावतील?

ही नव्वदच्या दशकाच्या अखेरची गोष्ट. अंबडच्या एका कारखान्यात आम्ही बायका विजेची बटणं जोडायचो. माझे हात चलाख आणि तोंड त्याहून चलाख. चार वेळा मला घरी बसवलं होतं, आणि चारही वेळा मी कंत्राटदाराला मनातल्या मनात अशा शिव्या घातल्या होत्या की त्या ऐकू गेल्या असत्या तर बिचारा कानाला मफलर बांधून फिरला असता. मला पर्मनंट व्हायचं होतं. दुसरं काही म्हणजे काही नको होतं.

तेवढ्यात आमचा माल परदेशी जायला लागला. नवे मॅनेजर साहेब मद्रासकडचे, मराठीचा गंध नाही. त्यांनी आपल्या मोडक्या हिंदीत जाहीर केलं, की जी बाई महिनाभर शिफ्टचा रिपोर्ट इंग्रजीत लिहून दाखवेल तिला लाईन लीडर करू आणि पर्मनंट करू. बायका एकमेकींची तोंडं बघायला लागल्या. मी हात वर केला. दहावीला इंग्रजीत काठावर पास झालेली मी! पण शाळेत घोकलेलं 'गो-वेंट, कम-केम' अजून पाठ होतं. पंचाईत पुढेच होती. एकेक वाक्य सुटं यायचं, आणि दोन वाक्यं जोडायची म्हटलं की माझं गाडं अडायचं.

ते गाडं ढकललं आमच्या सासूबाईंनी. मखमलाबादच्या पुढे आमचा अर्ध्या एकराचा मळा. कामावरून आले की आम्ही दोघी पडवीत बसून दुसऱ्या दिवशीच्या बाजारासाठी कोथिंबिरीच्या जुड्या बांधायचो. जुड्या बांधता बांधता मी त्यांना दिवसभराची हकिगत इंग्रजीत सांगायला लागले. त्यांना एबीसीडीसुद्धा येत नव्हती, पण गोष्ट ऐकायची हौस दांडगी.

"आय वेंट टू कंपनी," मी म्हणायची.

"मंग?"

"अँड आय वर्क्ड."

"मंग?"

"अँड आय एट टिफिन."

चार दिवस त्यांनी ऐकून घेतलं. पाचव्या दिवशी म्हणाल्या, "आगं, तुझं ते अँड अँड लय झालं. इंग्रजांकडं दुसरं काय नाय का?"

होतं की! सीबीएस बसस्टँडजवळच्या फुटपाथवरून आणलेल्या पुस्तकात बट, सो, बिकॉज सगळे होते. मग सासूबाईंनीच रीत बसवून दिली. त्या "मंग?" म्हणाल्या की मी अँड लावायचा. "का गं?" म्हणाल्या की बिकॉज. त्यांनी "पन?" म्हणून भुवया चढवल्या की बट. पंधरा दिवसांत त्यांचा कान असा तयार झाला की बिकॉज आला की त्या मान डोलवून म्हणायच्या, "हां, आता कारन सांगितलंस." एकदा तर बाजारातून आल्या त्या दारातूनच ओरडल्या, "आय वेंट बाजार, बट पाऊस, सो आय केम घरी!" सगळा माल भिजून चिंब झाला होता, तरी आम्ही दोघी पोट धरधरून हसलो. तसं हसू मला पुन्हा क्वचितच आलं.

महिना भरायला चार दिवस राहिले आणि मी माती खाल्ली. वाक्यांची चिठ्ठी टेबलाच्या कडेला ठेवून मी पुटपुटत काम करत होते. आमच्याकडे दोन मापांच्या स्प्रिंगा असत, दोन्ही निळ्याच ट्रेमध्ये. माझ्या हातून त्या मिसळल्या. तपासणीवरच्या बाईच्या लक्षात आलं म्हणून बरं. तासभर लाईन बंद ठेवून आम्ही भरलेले सगळे खोके उघडले आणि चुकीची बटणं वेगळी काढली. साहेब त्या दिवशी पुण्याला गेले होते, रिपोर्ट सकाळी त्यांच्या टेबलावर ठेवायचा होता. बायका म्हणाल्या, "लाईन थांबली आणि सुरू झाली, एवढं लिही आणि मोकळी हो."

मी तेवढंच लिहिलं आणि संध्याकाळी घरी वाचून दाखवलं.

"का गं थांबली?" सासूबाईंनी विचारलं.

"थांबली! मशीन थांबतंच कधीतरी," मी फणकारले.

"मशीनवर कशाला वरडतीस? तुझं तोंड का उतरलंय?"

मग मी सगळं सांगून टाकलं. त्यांनी हातातली जुडी खाली ठेवली. "आन ते ट्रे? आजून निळेच हायेत?"

"हो."

"मंग उद्या दुसरीच्या हातून व्हईल, परवा तिसरीच्या. साहेबाला कोन सांगनार?"

"आणि माझं पर्मनंट गेलं म्हणजे?" मी ओरडलेच. डोळ्यांत पाणी आलं. राग त्यांचा नव्हता, त्या खरं बोलत होत्या याचा होता.

त्यांनी खाली ठेवलेली जुडी पुन्हा उचलली. मी कागद फाडला आणि नवा घेतला. 'द लाईन स्टॉप्ड वन अवर बिकॉज आय मिक्स्ड टू स्प्रिंग्ज. आय मिक्स्ड बिकॉज बोथ ट्रेज वेअर ब्लू अँड आय वॉज लर्निंग इंग्लिश. बट वी ओपन्ड ऑल बॉक्सेस, सो नो राँग स्विच वेंट आऊट.'

सकाळी साहेबांनी कागद वाचला. परत वाचला. मी आपली दाराला लागूनच उभी, जायला सांगितलं की निघायचं. ते चष्मा काढून म्हणाले, "लाईन क्यों रुका, इतना साल में पहला बार कोई लिखा." मग 'लर्निंग इंग्लिश'वर बोट ठेवून इतके हसले की बाहेरचा शिपाई डोकावून गेला. दुपारपर्यंत एक ट्रे लाल झाला.

दीड महिन्यानं पर्मनंट केल्याचं पत्र मिळालं. घरी येऊन मी ते सासूबाईंना मोठ्यानं वाचून दाखवलं. त्यांनी पदराला हात पुसले, कागद हातात घेऊन उलटसुलट पाहिला.

"म्हंजी आता उद्या तुला कोन 'येऊ नको' म्हननार नाय?"

"नाही, आत्याबाई."

"आन परवा?"

"परवा पण नाही."

"सा म्हयनं झाल्यावर?"

"कधीच नाही हो!"

त्या खाली बसल्या. "जलमभर लोकांच्या बांधावर राबले," म्हणाल्या, "सांजच्याला घरी निघताना रोज इचारायची, उद्या येऊ का?" आणि माझा हात घट्ट धरून त्या हसत हसत रडायला लागल्या.