ठकीच्या खुर्चीखालची गादी

गादीमास्तरांनी उभ्या आयुष्यात एकही वस्तू फोडली नाही. ही गोष्ट तुम्ही त्यांना विचारण्याची गरज नाही. पहिल्या भेटीत, चहा यायच्या आत, ते स्वतःच सांगतात.

लोकांचं घरसामान या घरातून त्या घरात नेऊन पोचवणाऱ्या एका कंपनीत त्यांची हयात गेली. आरसे, पियानो, काचेची कपाटं, झुंबरं, माशांसकट माशांची टाकी, असं सगळं त्यांच्या हातांखालून गेलं आणि धड गेलं. त्यांची विद्या अगदी थोडक्यात सांगता येते. वस्तू आणि धक्का यांच्यामध्ये काहीतरी मऊ घालायचं. रजई घाला, फोम घाला, काहीच नसेल तर स्वतःचा सदरा काढून घाला, पण मऊ घाला. हाताखालच्या हमालांनी यावरूनच त्यांना गादीमास्तर म्हणायला सुरुवात केली आणि मास्तरांनी ते नाव पदवी मिळाल्यासारखं मिरवलं.

माणूस निवृत्त झाला तरी त्याची खोड निवृत्त होत नाही. मास्तरांच्या घरातल्या टेबलांच्या कोपऱ्यांना फोमच्या टोप्या आहेत. कपाटाच्या दारांना आतून फ्लॅनेलच्या पट्ट्या आहेत, त्यामुळे ती दारं लागत नाहीत, पण आपटतही नाहीत. बायकोचा चष्मा ते रुमालात गुंडाळतात, रुमाल डबीत ठेवतात आणि डबी पिशवीत. तो शोधायला आधी चष्मा लागतो, असं ती बिचारी म्हणते. मास्तर त्यावर म्हणतात, "फुटला का आजवर?"

असं सगळं असलं तरी मास्तर आतून सुकत चालले होते, हे खरं आहे. सगळा जन्म लोकांनी आपल्या जिवापाड जपलेल्या वस्तू त्यांच्या हवाली केल्या. आता कुणी काहीच हवाली करत नव्हतं. बायको फार तर दूध आणायला सांगायची, आणि दूध पिशवीत येतं, त्याला काय गुंडाळणार?

मग नात झाली. गोल गरगरीत, लाकडी ठकी बाहुलीसारखी एका जागी बसवली की बसून राहणारी. तिला सगळे ठकी म्हणू लागले. ठकीच्या आईची, म्हणजे मास्तरांच्या लेकीची, बाळंतपणाची रजा संपत आली आणि ठकीला पाळणाघरात घालायचं ठरलं. तिला सकाळी पोचवायचं कुणी आणि संध्याकाळी आणायचं कुणी? लेक आणि जावई दोघांचीही ऑफिसं शहराच्या दुसऱ्या टोकाला. लेकीने निवाडा केला. संध्याकाळी सासूबाई आणतील, कारण सकाळी त्यांना औषधांचं दुकान उघडावं लागतं. सकाळी बाबा नेतील.

सकाळी बाबा नेतील! मास्तरांनी ते वाक्य बायकोला चारदा सांगितलं. शेजाऱ्यालाही सांगितलं. लिफ्टमध्ये एक अनोळखी बाई होती, तिलाही सांगितलं.

आता दोन गाड्या म्हटल्यावर ठकीसाठी दोन खुर्च्या आल्या. विहीणबाईंनी आपल्या गाडीसाठी एक साधीशी करड्या रंगाची खुर्ची आणली. मास्तर मात्र शहरातल्या सगळ्यात मोठ्या दुकानात गेले आणि दारातूनच विचारते झाले, "तुमच्याकडची सगळ्यात भारी कुठली?" दुकानदारांना असली माणसं देवासारखी. जी खुर्ची घरी आली तिच्या कंपनीचं नाव इतकं अवघड होतं की मास्तर दर वेळी ते वेगळं उच्चारायचे, पण दर वेळी सारख्याच अभिमानाने. खुर्ची गाडीत गेली तरी तिचा खोका दिवाणखान्यात राहिला, नावाची बाजू दाराकडे करून.

"विहीणबाई, तुमची कुठल्या कंपनीची म्हणालात?" मास्तरांनी सहज विचारल्यासारखं विचारलं. ते सहज नव्हतं.

"नाव काही लक्षात नाही हो," विहीणबाई म्हणाल्या. "पण सोबतचं पुस्तक वाचलं सगळं."

त्या वाचणारच. जन्म औषधांच्या दुकानात गेलेला. डोकेदुखीच्या गोळीबरोबर येणारा तो घडीचा कागदसुद्धा शेवटच्या ओळीपर्यंत वाचल्याशिवाय ही बाई गोळी गिळत नाही, तोवर डोकं दुखायचं थांबलेलं असतं. मास्तरांना या गोष्टीचं फार हसू यायचं.

त्यांच्या खुर्चीचं पुस्तक प्लास्टिकच्या वेष्टणातच राहिलं. "अहो, त्यात काय लिहिलंय ते तरी बघा," असं बायको म्हणाली तेव्हा मास्तर नुसते हसले. "पुस्तक असतं नवशिक्यांसाठी. मी पियानो हलवलेत."

शनिवारी त्यांनी खुर्ची बसवायला घेतली. गाडीच्या मागच्या सीटवर आधी रजईची घडी. पाठीशी फोमचा जाड तुकडा. त्यावर ती महागडी खुर्ची, ठकीचं तोंड मागच्या काचेकडे येईल अशी. निदान एवढं दुकानदाराने बजावलं होतं. मग गाडीचा पट्टा खुर्चीतून ओवला, ओढला आणि खटका लावला. खुर्चीच्या आत आणखी एक मऊ दुलई. वरून तळव्याने दाबून बघितलं तर खुर्ची अलगद खाली गेली आणि अलगद वर आली.

"बघ," मास्तर बायकोला म्हणाले, "पोरीला खड्डा म्हणजे काय ते कळायचं नाही."

सोमवारी पाळणाघर सुरू व्हायचं होतं. पण रंगीत तालीम केल्याशिवाय मास्तरांनी कधी साधा फ्लॉवरपॉट हलवला नव्हता, तर नात कशी हलवतील? रविवारी सकाळी त्यांनी पिठाची एक गच्च भरलेली पिशवी घेतली. वजन ठकीच्या आसपासचं. तिला दुलईवर बसवलं, खुर्चीचे पट्टे लावले आणि वर ठकीची लोकरी टोपी चढवली. बायकोला मागे, पिशवीच्या शेजारी बसवलं. बायको म्हणाली, "लोक बघतायत." मास्तर म्हणाले, "बघू देत, शिकतील."

गाडी निघाली ती वरातीच्या वेगाने. मास्तर आरशातून मागे बघत पिठाला सांगत होते, हे बघ पोस्ट, ही बघ बाग, इथे सिग्नल लागतो. पिठाने काही हट्ट केला नाही. पाळणाघराच्या गल्लीशी आले आणि एक सायकलवाला मान खाली घालून, जगाशी देणंघेणं नसल्यासारखा, बरोब्बर समोरून आडवा गेला.

मास्तरांनी ब्रेक दाबला.

सायकलवाल्याला खरचटलंसुद्धा नाही. तो तर मान वर न करता गेलाही. पण मागे ती अवघड नावाची खुर्ची रजईवरून सुळकन पुढे आली, मास्तरांच्या सीटच्या पाठीवर धाडकन आदळली आणि एका अंगावर कलली. पिशवी दुलईसकट पट्ट्यांतून निसटली, खाली पडली आणि फुटली. गाडीभर पांढरा धुरळा उठला.

गाडी कडेला घेऊन मास्तरांनी मागे वळून पाहिलं. बायको केसांपासून पापण्यांपर्यंत पांढरीफटक झाली होती. मास्तरांना हसू फुटलं, अगदी पोटातून. पण हसता हसता त्यांची नजर खाली गेली. पिठाच्या ढिगात ती इवलीशी टोपी पालथी पडली होती. हसू तिथेच थांबलं.

बायको हसली नव्हतीच. ती हळूच म्हणाली, "नुसता ब्रेकच होता हो. कुणी आदळलंसुद्धा नाही आपल्यावर."

मास्तर उतरले, मागचं दार उघडलं आणि रजईची घडी ओढून काढली. काढताच पट्टा सैल पडला. खटका जसाच्या तसा लागलेला होता, आणि तरी पट्ट्याच्या आत त्यांची अख्खी मूठ सहज फिरत होती. मग त्यांना जे कळलं ते नवीन नव्हतं, आणि तेच जास्त लागलं. मऊ वस्तू दबते. दबली की तिच्यावरून आवळलेला दोर ढिला होतो. म्हणून ट्रकमध्ये दोर कधी गादीवरून आवळायचा नाही, लाकडी चौकटीवर आवळायचा. नव्या हमालांना हेच ते कानीकपाळी ओरडून सांगत आले होते. पियानोच्या वेळी आठवण राहिली, नातीच्या वेळी नाही. माया अशी वेळेला दगा देते.

पीठ झटकत ते तसेच विहीणबाईंच्या घरी गेले. वाटेभर त्यांनी टोमणे ऐकून घ्यायची तयारी केली होती. विहीणबाईंनी दार उघडलं, एकदा व्याह्यांकडे बघितलं, एकदा पांढऱ्या विहिणीकडे, आणि सगळं ऐकून एवढंच विचारलं, "पुस्तक कुठंय?"

मास्तरांनी गाडीच्या खणातून पुस्तक काढलं आणि मुकाट्याने वेष्टण फाडलं.

विहीणबाईंनी चष्मा लावून पहिल्या ओळीपासून वाचायला घेतलं. मास्तरांना वाटलं, आता हिचं हे पुराण संध्याकाळपर्यंत चालणार. पण तिसऱ्याच पानावर त्या थांबल्या आणि त्यांनी ती ओळ दोनदा वाचली. खुर्चीखाली किंवा पाठीशी गादी, उशी, घडी, काहीही ठेवू नये.

"काहीही," विहीणबाई म्हणाल्या.

"ऐकलं," मास्तर म्हणाले.

"आत ती दुलईपण नको. बाळाच्या अंगाला पट्टे नीट लागले पाहिजेत. खांद्यावरच्या पट्ट्याला चिमटा काढता आला, तर समजा सैल आहे."

मग दोघांनी मिळून खुर्ची पुन्हा बसवली. पट्टा पुस्तकात दाखवलेल्या खाचेतूनच गेला. मास्तरांनी अंगाचा भार टाकून खुर्ची सीटमध्ये दाबून धरली, विहीणबाईंनी पट्टा ओढला, खटका लावला आणि पुन्हा ओढला. "आता हलवा. वरून नाही हो, जिथून पट्टा जातो तिथे धरून. बोटाच्या पेराएवढी हलली तर चालेल, जास्त नाही." मास्तरांनी गदागदा हलवली. गाडी हलली, खुर्ची जागची हलली नाही.

"तुमची खुर्ची चांगलीच आहे," विहीणबाई म्हणाल्या. टोमणा त्यांनी इथवर राखून ठेवला होता. "पण ब्रेक लागला की कंपनीचं नाव कोण वाचतंय? माझीही पहिल्यांदा हललीच होती, मी तीनदा बसवली." दार लावता लावता त्या म्हणाल्या, "आणि काळजी करू नका. सुनेला मी यातलं काही सांगायची नाही."

घरी जाताना बायकोही तेच म्हणाली. झालं ते पिठावर निभावलं, आता नीट बसली आहे, कशाला पोरीच्या जिवाला घोर? लेकीला सांगितलं तर ती काय म्हणेल, हे मास्तरांना उघड दिसत होतं. राहू द्या बाबा, आम्ही दुसरं काही बघतो. आणि मग सकाळ जाणार. ठकी जाणार. पुन्हा दुधाची पिशवी. असं न सांगता चालवून घेणं इतकं सोपं होतं, आणि त्यांना ती सकाळ इतकी हवी होती, की रात्री अंथरुणावर पडल्यावर त्यांनी जवळजवळ गप्प बसायचं ठरवलंसुद्धा. पण डोळे मिटले की ती पालथी टोपी दिसत होती.

सोमवारी ते वेळेच्या जरा आधीच लेकीच्या दारात उभे राहिले. लेक एका हाताने ठकीला भरवत होती आणि दुसऱ्या हाताने स्वतःचे केस बांधत होती. तिने बाबांना पाहिलं आणि तिचा चेहरा सैलावला. "बरं झालं आलात. हिला घेऊनच जा, मला उशीर होतोय."

"आधी ऐक," मास्तर म्हणाले, आणि त्यांनी सगळं सांगितलं. रजई, फोम, दुलई, सायकलवाला. टोपीचंही सांगितलं. "आता नीट बसवली आहे. पण तुला नको वाटत असेल तर तसं सांग. मी रागावणार नाही." यातलं शेवटचं वाक्य अर्धंच खरं होतं. ते रागावणार नव्हते, पण मोडून पडणार होते.

लेकीचा केसांतला हात खाली आला. ठकीने चमचा खाली टाकला, तोही तिने उचलला नाही.

"बाबा," ती शेवटी म्हणाली, "मी खाली येऊन खुर्चीकडे बघणारसुद्धा नव्हते. हिच्या बाबांनी बसवली असती तर ओढून बघितली असती. सासूबाईंची बघितली मी, दोनदा बघितली. तुमची नाही. तुम्ही बांधलंय म्हटल्यावर बघायचं काय, असंच वाटलं मला."

एवढं मोठं कौतुक मास्तरांचं आजवर कुणी केलं नव्हतं, आणि एवढी भीती त्यांना कशाचीच वाटली नव्हती. त्यांनी लेकीचा हात धरला.

"मी बांधलंय म्हणून तर बघ," ते म्हणाले. "आज बघ, उद्या बघ, रोज बघ. बघितल्याशिवाय हिला माझ्या गाडीत ठेवू नकोस."

ठकीला नवऱ्याच्या हातात देऊन लेक त्यांच्याबरोबर खाली उतरली. गाडीच्या मागच्या दारात वाकून, पट्टा जातो तिथे दोन्ही हातांनी धरून, तिने खुर्ची जीव खाऊन ओढली. मग दुसऱ्या बाजूने जाऊन पुन्हा ओढली. मास्तर बघत उभे होते. ती सरळ झाली, तळहात झटकले आणि ठकीला आणायला वर गेली.