पानिपतच्या ढाब्यावरचं वायफाय

हे माझ्या तोंडून आजवर कुणीही ऐकलेलं नाही. नीलिमानं, म्हणजे माझ्या बायकोनंही नाही — आणि तिच्यापासून मला चोरून खाल्लेली जिलबीसुद्धा लपवता येत नाही. मग तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. ओळखणाऱ्यांसमोर माझी जीभ उचलत नाही.

मी तीस वर्षं फरीदाबादला आहे, एका कारखान्याच्या कॉम्प्युटर विभागात. त्यामुळे दिल्लीतल्या आमच्या मराठी मंडळात मी ‘एक्स्पर्ट’. प्रिंटर अडला, फोन हँग झाला, की मला बोलावणं. वर्षातून एकदा माझं भाषणही असायचं — प्रवासात लॅपटॉप कसा सांभाळावा. वायफाय आपोआप जोडलं जाऊ देऊ नका. फाइल शेअरिंग बंद ठेवा. शक्यतो स्वतःच्या मोबाइलचा हॉटस्पॉट वापरा. फुकटचं वायफाय म्हणजे रेल्वेत अनोळखी माणसानं पुढे केलेला चहा! यावर लोक हसायचे, टाळ्या पडायच्या. मला ते आवडायचं. फार आवडायचं.

मंडळाच्या इमारतीत तीन खोल्या आहेत, महाराष्ट्रातून परीक्षेच्या तयारीला येणाऱ्या मुलींसाठी. त्यांतल्या एकीत वैशाली राहायची. परभणीकडची, तिसरा प्रयत्न. खोलीच्या बदल्यात ती मंडळाचा ईमेल सांभाळायची. त्याचा पासवर्ड दोघांनाच ठाऊक होता — तिला आणि मला. मुली खोलीसाठी अर्ज करायच्या तेव्हा आधार, गुणपत्रिका, फोटो, घरचे नंबर, सगळं त्याच ईमेलवर यायचं. हे लक्षात ठेवा.

संक्रांतीला मंडळाची बस पानिपतला जाते, काला अंबला, म्हणजे तिथल्या लढाईच्या स्मारकाला. त्या दिवशी तिथे जिकडे बघाल तिकडे फेटे आणि नऊवारी. एरवी वर्षभर हिंदीत वावरणारी माणसं आम्ही, तिथे उगाच मोठ्यानं मराठी बोलतो. परतताना जेवायला एका ढाब्यावर थांबलो आणि बायकांनी घोषा लावला — फोटो पाठवा ना, आत्ताच पाठवा. फोटो माझ्या कॅमेऱ्यात होते, म्हणून मी लॅपटॉप उघडला. मोबाइलची बॅटरी संपत आलेली, हॉटस्पॉट धड चालेना. वायफायच्या यादीत ढाब्याचं एक नाव होतं, कुलपाचं चिन्ह असलेलं. आणि त्याखाली एक उघडं — ‘मराठी पाहुणे’. रोमन अक्षरांत, पण शब्द आपले.

काय सांगू, मला भरून आलं. इतक्या लांब, हरयाणात, कुणीतरी आपल्या माणसांची सोय केलीय! त्या दिवशी तिथे आमचीच गर्दी असते हे आणखी कुणाला ठाऊक असेल, हा विचार मनात आला का? नाही आला. एक पान उघडलं, ईमेल आणि पासवर्ड मागितला. मी मंडळाचा दिला. फोटो गेले. बायकांनी कौतुक केलं.

तिसऱ्या दिवशी मंडळाचा ईमेल उघडेना. आठवड्याभरात मुलींना घाणेरडे फोन यायला लागले — नावानिशी, गावानिशी. एकीच्या वडिलांना गावात फोन गेला, आणि ते येऊन तिला घेऊनच गेले. तिची परीक्षा तिथेच संपली.

मंडळाची मीटिंग ठरली. आदल्या दिवशी मी लॅपटॉप उघडून जुन्या जोडण्यांची यादी पाहिली. ‘मराठी पाहुणे’ तिथेच होतं. म्हणजे मला कळलं होतं — संशय नव्हे, कळलंच होतं. मी ते नाव यादीतून काढून टाकलं. मग लॅपटॉप मिटला आणि जेवायला बसलो.

मीटिंगमध्ये वैशाली कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसली होती. ती रोज करोल बागेतल्या एका लायब्ररीत अभ्यासाला जायची. तिथलं वायफाय सगळ्यांसाठी एकच. कुणीतरी तिकडेच बोट दाखवलं. तिनं माझ्याकडे पाहिलं.

"काका, मी तिथलं वायफाय कधीच नाही लावत. तुम्ही शिकवलंय तसंच करते मी. तुम्ही सांगा ना यांना."

अध्यक्षबाईंनी मला विचारलं, "अच्छा, तुम्ही सांगा. लायब्ररीतून असं होऊ शकतं का?"

मी म्हणालो, "होऊ शकतं." खोटं होतं का हे? शब्दशः नव्हतं. मग त्यांनी विचारलं, तुम्ही तो ईमेल बाहेर कुठे उघडला होता का? आणि मी म्हणालो, "मी हॉटस्पॉटशिवाय बसतच नाही, बिल्कुल नाही." हे खोटं होतं. सगळ्यांनी माना डोलावल्या. माझं भाषण ऐकलं होतं ना त्यांनी! कुणाची भीती वाटली मला? पोलिसांची? छे. पुढच्या वर्षी मला भाषणाला उभं करणार नाहीत, याची. एवढीशी गोष्ट. एवढ्याशा गोष्टीसाठी मी खोटं बोललो.

वैशालीला खोली सोडायला सांगितलं. पूर्वपरीक्षा तोंडावर होती. ती कुठे राहिली, परीक्षा दिली की नाही, मी विचारलं नाही. विचारायची हिंमत नव्हती असं म्हणणार होतो, पण तेही खरं नाही — मला जाणून घ्यायचंच नव्हतं. भाषण मात्र मी पुढच्या वर्षीही दिलं. त्यात तिचा किस्साही सांगितला, नाव न घेता.

पण एक राहिलं. जायच्या आदल्या दिवशी ती मेट्रोनं फरीदाबादला, आमच्या घरी आली होती. नीलिमानं पोहे केले, ते तिनं खाल्ले नाहीत. दारात चप्पल घालताना खाली बघूनच म्हणाली, "काका, मला आठवत नाहीये, पण माझ्याच हातून काहीतरी झालं असणार. तुम्ही म्हणता म्हणजे झालंच असेल. सॉरी."

ही वेळ होती. आम्ही दोघंच होतो दारात. नीलिमा आत होती. एक वाक्य पुरलं असतं.

मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणालो, "जाऊ दे बेटा. माफ केलं."