मिठाले काऊन धरून बसली?

सुमनमावशी गेल्याचा फोन आला तेव्हा मी रसायनशास्त्रातली मोलची गणितं शिकवून नुकतीच वर्गाबाहेर पडले होते. त्यांची मुलगी एवढंच म्हणाली, "ताई, आई गेली..." पुढच्या तासाला मी गेले नाही.

अमडापूरला मी अकरावीत होते तेव्हा मावशी कॉलेजच्या प्रयोगशाळेत परिचर होत्या. शिक्षण नववी. परीक्षानळ्या धुणं, बर्नर पुसणं, आम्लं पातळ करून ठेवणं ही त्यांची कामं. पहिल्या चाचणीत रसायनशास्त्रात मला वीसपैकी तीन गुण पडले आणि मी आर्ट्सला जाण्याचा अर्ज लिहून टाकला. अर्ज देण्याआधी जर्नल परत करायला प्रयोगशाळेत गेले अन् तिथंच रडू फुटलं. मावशींनी पदराला हात पुसले, माझा पेपर घेतला. चुनखडी आणि मीठ यांचं दहा ग्रॅम मिश्रण. हायड्रोक्लोरिक आम्ल टाकल्यावर २.२ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड निघाला. तर चुनखडी किती? मी पानभर आकडे मांडून ठेवले होते.

"ॲसिड टाकल्यावर फेस कोनाले येते?"

"चुनखडीला."

"अन् मिठाले?"

"नाही येत."

"मंग मिठाले काऊन धरून बसली? वायू आला तो सगळा चुनखडीचा. शंभर ग्रॅमातून चव्वेचाळीस निघते, असं सर सांगतात. मंग दोन पॉइंट दोन कितीतून निघन?"

पाच ग्रॅम... उत्तर तोंडीच निघालं. मागच्या बेसिनवर नळ्या धुता धुता कित्येक वर्षं त्या प्रत्येक तास ऐकत आल्या होत्या. गुण द्यायला कुणी नव्हतं, तरी शिकत होत्या. तो अर्ज मी दिलाच नाही.

एमएस्सी झाल्यावर पेढे घेऊन गेले, त्या दिवशी एस्टरचं प्रॅक्टिकल होतं. मावशींनी नळी माझ्या नाकाजवळ धरली. "हे ॲसिड नाकाले झोंबते, ते अल्कोहोल खोकला आनते. दोघं मिळून पिकल्या केळाचा वास काऊन येते?" मी मोठ्या ऐटीत फळ्यावर समीकरण लिहिलं. त्यांनी ते शांतपणे वाचलं. "हे तर मले येते. हे झालं कसं. काऊन, ते सांग." मी पुस्तकं धुंडाळली, प्राध्यापकांना विचारलं. अर्धंमुर्धं उत्तर हाती लागलं, ते फोनवर सांगितलं. "बाकीचं सापडलं की सांगजो," त्या म्हणाल्या. ते अजून सापडलेलं नाही.

मावशींच्या पुण्यानुमोदनाच्या विधीला गावी गेले होते, परतताना प्रयोगशाळेत डोकावले. सल्फ्युरिक आम्लाच्या बाटलीवर, छापील लेबलाखाली, मावशींच्या अक्षरातली चिठ्ठी होती: 'आधी पाणी, मंग मी.' आम्लात पाणी ओतलं तर ते उसळून अंगावर येतं. म्हणून आधी पाणी घ्यायचं, त्यात आम्ल थेंबाथेंबानं... एवढं समजावायला मला अर्धा तास लागतो. मी चिठ्ठीवरून बोट फिरवलं. मावशी निवृत्त झाल्यावर आलेले परिचर मागे येऊन उभे राहिले.

"बाटल्या कितीक बदलल्या, मॅडम," ते म्हणाले. "चिठ्ठी तेवढी भिजवून काढतो, अन् नव्या बाटलीले लावतो."